चौथा खांदा

गाव ऊसतोडीला गेलं की मागं म्हातारेच उरतात. बजरंगला आम्ही चौघा म्हाताऱ्यांनीच खांदा दिला. वाटेत तिरडी कितीदा तरी खाली टेकवली.

परतताना मी म्हणालो, "आता आपल्यातला एक गेला, की उचलायला तिघंच."

"मग पुढच्यानं आपल्या पायानं यायचं की रं!" गहिनीनाथ म्हणाला.

धाप लागेपर्यंत हसलो सगळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या. मळ्यात पाहिलं. देवळात पाहिलं.

मग स्मशानात.

पत्र्याच्या शेडखाली घोंगडी अंथरून बसला होता. घामानं भिजलेला.

"पहाटंपासनं छातीत कळ येतीया," तो म्हणाला. "म्हनलं, पाय चालत्यात तवर यावं."