रेघेच्या वर

मॉनिटरवर आदर्शने लाल रेघ आखून ठेवली होती. ती संघप्रियाच्या हनुवटीखालून जात होती. रेघेखालचं सगळं तिचं राहणार होतं: खांदे, हात, अंगावरची साडी. वरचा चेहरा नंतर कॉम्प्युटर बनवणार होता.

"हलू नको," आदर्श कॅमेऱ्यामागून म्हणाला. दोन्ही मोठे दिवे बरोबर तिच्या समोर होते. सपाट उजेड. नाकाची सावली पडली की नवा चेहरा मानेवर नीट बसत नाही, हे तीन वर्षांत तिलाही कळलं होतं.

साडीच्या दुकानाचे मालक हंबीरराव मॉनिटरपाशी उभे होते. दुकान खाली, स्टुडिओ वर.

"मेणकापडागत दिसालीय," ते म्हणाले. "जरीच्या टिश्यूची साडी हाय ही, आदर्शा. जेवणाच्या टेबलावर अंथरायची न्हाय."

"समोरच्या उजेडात टिश्यू मरतीच, मालक. बाजूनं उजेड दिला तर सावल्या पडतील, मग चेहरा बदलताना..."

"ते तुझं तू बघ. अकराला फ्लेक्स छापाय जायाचाय. संध्याकाळी दुकानासमोरच्या चौकात लागला पाहिजे." मग ते संघप्रियाकडे वळले. "तुझ्या तोंडाला नावं ठेवत न्हाय हं, पोरी. पण गिऱ्हाईकाला बघितल्या बघितल्या आपल्यातली वाटाय पाहिजे."

"व्हय," ती म्हणाली. हे वाक्य ती प्रत्येक सणाला ऐकत आली होती.

गेल्या दिवाळीत तिची आई तानूबाई फ्लेक्स बघायला गारगोटीहून आली होती. चौकात मान वर करून ती बराच वेळ उभी राहिली. शेवटी मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून तिने लेक ओळखली.

"हात तुझा हाय. तोंड कुणाचं गं?"

"कुणाचंच न्हाय," संघप्रियाने सांगितलं होतं. त्यानंतर आई फ्लेक्स बघायला आली नाही.

"मालक, दिवे बंद करून खिडकी उघडू या का?" संघप्रियाने विचारलं. "टिश्यूतनं उजेड आरपार गेला की आतली जर उठून दिसती."

आदर्शने तिच्याकडे बघितलं. तो काही बोलायच्या आत हंबीररावांनी खिडकीवरचं काळं कापड स्वतःच ओढून काढलं.

सकाळचं ऊन बाजूने आत आलं. तिने खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला, खिडकीकडच्या हाताने गालापुढे आणला आणि ताणून धरला. ऊन कापडातून गाळून आलं. पदरावरच्या मोरांच्या सावल्या तिच्या कपाळावर, गालावर, गळ्यावर उतरल्या. जर पेटल्यासारखी झाली. गेले आठ दिवस ती घरच्या खिडकीत जुनी ओढणी धरून, समोर आरसा ठेवून हेच करून बघत होती. कापड गालापासून किती बोटं लांब धरायचं, हे तिला पाठ होतं.

आदर्श फोटो घेत सुटला.

"हां! ह्याला म्हणायचं साडी," हंबीरराव ओरडले. "ह्योच. मोठ्या फ्लेक्सवर ह्योच."

आदर्शने मॉनिटरवरची रेघ खाली घेतली, वर घेतली, तिरकी करून पाहिली. "मालक, रेघ मारू कुठं? पदर तोंडावरनंच गेलाय. चेहरा बदलला की पदर पण बदलणार."

"मग बदलू दे की."

"विणीला हात लावायचा न्हाय, असं तुम्हीच सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. पाडव्याला कॉम्प्युटरने काठावरच्या मोरांची बदकं केली होती, आणि शाहूवाडीच्या एक बाई फ्लेक्सचा फोटो दाखवत 'बदकांचीच पाहिजे' म्हणून दोन तास दुकानात ठाण मांडून बसल्या होत्या.

"पदर खाली घे गं जरा."

संघप्रियाने लगेच खाली घेतला. साडीचं पुन्हा मेणकापड झालं.

"बरं बरं, घे वर."

तिने वर घेतला.

"तोंड जरा उजळ तरी कर की रं," हंबीरराव हळूच म्हणाले.

आदर्शने करून दाखवलं. गाल उजळला, तशी त्यावरची जर लग्नपत्रिकेवरच्या चमकीसारखी पांढरी पडली. हंबीररावांनीच हात हलवून ते पुसायला लावलं. मग घड्याळ बघितलं. अकराला दहा मिनिटं कमी होती.

"असू दे, तसाच जाऊ दे," ते म्हणाले. "पण सणाचा फ्लेक्स हाय. नजर खाली असल्याला काढ एखादा. घरंदाज वाटंल असा."

आदर्श एकेक फोटो मागे नेऊ लागला. दोनशे अकरा फोटो होते. काहींत पदर थोडा पुढे होता, काहींत मागे. मधल्या काहींत उन्हाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण प्रत्येकात ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. एक डोळा जरीतून, एक उघडा.

"दुसरा काढू मग," हंबीरराव म्हणाले आणि खिडकीकडे वळले. सूर्य चौकटीच्या वर सरकला होता, ऊन आत येत नव्हतं.

ते स्टुलावर बसले. मॉनिटरकडे बघायचं टाळून त्यांनी रुमालाने मान पुसली.

"चाळीस फुटी फ्लेक्स हाय त्यो," ते म्हणाले, कुणाला उद्देशून असं नाही. "गल्ल्यावर बसलं की नाकासमोर येतोय. दीस उगवल्यापास्नं दुकान मिटंस्तवर."

संघप्रिया खांद्यावरची पिन काढत होती.

"ठावं हाय," ती म्हणाली.