एकही गोळी चुकली नाही

“आजी, गेल्या सहा महिन्यांत आजोबा काही विसरले का?”

रहाटणीच्या दवाखान्यात अभ्यासाच्या नोंदी ठेवणारी योगिनी कागदावर पेन टेकवून बसली होती. कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळीनं म्हातारपणचा स्मृतिभ्रंश टळतो का, याचा अभ्यास चालला होता. रंगरावांना गोळ्या, तपासण्या सगळं फुकट. बायकोनं दर खेपेला येऊन साक्ष द्यायची, एवढंच.

“न्हाई,” सुभद्राबाई म्हणाली. “काय बी इसरत न्हाईत.”

साफ खोटं. परवाच रंगराव शेजारणीला म्हणाले होते, “दिवाळीला आमची विजयश्री येतीय.” विजयश्रीला सासरच्यांनी जाळून सात वर्षं झाली होती. शेजारणीनं मान खाली घातली. सुभद्राबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं सुख होतं. लेक जिवंत असलेल्या बापाचं सुख. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

हे सांगितलं तर म्हाताऱ्याला अभ्यासातून काढतील, ही तिला धास्ती.

योगिनीनं डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. “एकही चुकली नाही! इतकं कुणी करत नाही हो. नशीबवान आहात, आजोबा.”

“मला न्हाई खायच्या आता,” रंगराव म्हणाले. तीस वर्षं कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसवर उभा राहिलेला गडी, पण आवाज पार बसला होता. “मांड्या लई ठणकत्यात. माझं नाव काढा.”

“पायांचं डॉक्टरांना सांगते, आजच्या रक्तातही बघू. आणि सोडायचंच असेल तर इथं सही करा. कुणी अडवणार नाही.”

रंगरावांनी पेन उचललं.

“करा की सही,” सुभद्राबाई शांतपणे म्हणाली. “बाई कारण इचारतील. मी सांगते समदं, पहिल्यापास्नं.”

पेन खाली आलं. “ऱ्हाऊ द्या,” रंगराव पुटपुटले. “खातो.”

“बघा, किती जीव आहे आजींचा तुमच्यावर!”

उठता उठता सुभद्राबाईनं विचारलं, “बाई, ही गोळी खरी हाय का पोकळ?”

“ते आम्हालाही माहीत नसतं, आजी. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी.”

“म्हंजी भरवसा न्हाईच.”

“म्हणून तर अभ्यास चाललाय.”

सुभद्राबाईनं मान हलवली. तिला वाटलंच होतं. नुसत्या गोळीवर सोडून भागायचं नाही.

रक्त द्यायचं म्हणून सकाळची गोळी राहिली होती. बसथांब्याच्या बाकड्यावर रंगरावांनी हात पुढं केला. तिनं मूठ मिटली.

“आधी बोला. पळून आल्याली पोर माघारी कुणी नेऊन सोडली?”

“मी.”

“कशावरनं?”

“स्कूटरवरनं.”

“वाटंत काय म्हणाली?”

बस आली, माणसं चढली, बस गेली.

“म्हणाली... आबा, गाडी वळवा.”

“आनि?”

“मी उपाशी ऱ्हाईन, पर घरी ऱ्हाईन.”

सुभद्राबाईनं गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली आणि ती घशाखाली उतरेपर्यंत त्यांची हनुवटी धरून ठेवली.