डावीकडची खिडकी

सुट्टीला आपलीच गाडी घेऊन परदेशात शिरलो. आमचं स्टिअरिंग उजवीकडे, तिकडच्या टोलनाक्यांच्या खिडक्या डावीकडे, म्हणजे बायकोच्या बाजूला. त्यात सकाळीच आमचा खटका उडालेला, बोलणं बंद.

पहिल्या नाक्यावर मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा झक मारत बोललो, "कार्ड दे त्याला."

दुसऱ्या नाक्यावर ती म्हणाली, "जरा जवळ घे की, हात पोचत नाही."

तिसऱ्या नाक्यावर ती कमरेपर्यंत खिडकीबाहेर, मी मागून तिचा स्वेटर धरलेला. दोघंही हसून बेजार.

संध्याकाळी आमचा टोलनाक्यांचा किस्सा ऐकून हॉटेलवाला म्हणाला, "अहो, बिनटोलचा रस्ता जवळचा होता!"

मी कपाळावर हात मारला. ही गालातल्या गालात हसली.

भांडणानंतर मोबाइलवर रस्ता हिनेच तर लावून दिला होता.