साडीच्या काठांची भिंत

त्या रविवारी आईने मला सांगवीच्या घरातल्या हॉलची भिंत सजवायला बसवलं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, चाकणच्या कंपनीतून पॅकिंगचे पुठ्ठे आणले होते. त्यांवर आईच्या जुन्या साड्यांचे काठ चिकटवून मी चौकटी करत होते. आई अशक्तपणा आलाय म्हणून दिवाणावर पडून हुकूम सोडत होती. मी जवळ जाऊन बसले की म्हणायची, "ऊठ गं हर्षू, गोंद वाळतोय. सासरीही अशीच अर्धी कामं टाकतेस काय?" मग दोघी हसायचो.

बुधवारी ती गेली.

दहावा उरकून घरी आल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "तिला श्रावणापासून माहीत होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते."

"आणि तुम्हाला?"

"मला, दादाला. शेजारच्या सुमनताईंनाही."

"मग मलाच का नाही सांगितलं?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणायची, पोरीला कामाला लावा, नाहीतर ही नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसेल."

 अण्णा आत गेल्यावर मी त्या काठांच्या भिंतीसमोर उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले, "बसले असते बघत! तेवढंच तर करायचं होतं मला."