आमेनचा लांब सूर

आमेनचा लांब सूर लागला आणि माल्सूनने मनाशी पक्कं केलं, आज मध्ये श्वास घ्यायचा नाही. जीव गेला तरी बेहत्तर.

जेजू बेटावरच्या त्या छोट्या चर्चमध्ये आमेन कधी संपेल याचा नेम नसे. बाकांवरच्या निम्म्याअधिक बायका समुद्रात बुडी मारून शिंपा काढणाऱ्या, दमाला पक्क्या. थोरल्या बुन्यो आजीने गीतपुस्तक मिटलं की थांबायचं असा रिवाज होता, आणि आजीला पुस्तक मिटायची घाई कधीच नसायची. नवे पाळक आले तेव्हा पहिल्या रविवारी त्यांना वाटलं, पेटीची पट्टीच अडकली. ते उठून बघायला गेले आणि बायका गातागाताच हसू लागल्या.

नियम एकच. शेजारणीबरोबर श्वास घ्यायचा नाही. एकीने दम घ्यायचा, तेवढा वेळ दुसरीने सूर धरायचा. माल्सूनची शेजारीण ओक्सिल. पाण्यातही जोडी तीच.

"एकटीचा दम देवापर्यंत पुरत नाही गं," ओक्सिल म्हणायची. "म्हणून तर त्याने सगळ्यांना एकत्र गायला बसवलंय. नाहीतर रविवारी सकाळी तुझं तोंड बघायला कोण आलं असतं?"

ओक्सिल गेल्या वसंतात गेली. दोघी एकाच खडकावर काम करत होत्या. माल्सूनचा दम संपला आणि ती वर आली. वर आलेली बाई लांब शीळ घालते. कोंडलेला श्वास बाहेर टाकून ताजा आत ओढायची ती रीतच आहे, आणि शीळ ऐकली की बाकीच्या ओळखतात, आली बाई वर. माल्सूनने शीळ घातली. मग ती ओक्सिलच्या शिळेची वाट बघत राहिली. ओक्सिलचा खुणेचा नारिंगी तरंगा लाटांवर नुसताच डुलत होता. माल्सून पुन्हा खाली गेली तेव्हा ओक्सिलचं शिंपा उचकटायचं हत्यार एका मोठ्या शिंपेखाली अडकलेलं होतं, आणि हत्याराची दोरी तिच्या मनगटाला होती.

दफनाच्या दिवशी ओक्सिलची सून उन्जू सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्ही वर आलात, मावशी. आमच्या आई नाही आल्या."

माल्सूनने मुठीतली माती खड्ड्यात टाकली. खोटं थोडंच होतं ते! तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता. उन्जू मागच्या बाकावर बसे आणि आशीर्वाद झाला की कुणाकडे न बघता निघून जाई.

काल माल्सून पाळकांकडे जाऊन आली होती. "उद्याचं गाणं होऊ द्या. मग माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी आता चर्चलाही येणार नाही आणि पाण्यातही उतरणार नाही."

"मग घरी बसून काय करणार, काकी?"

"गप्प बसणार. जमतं मला."

"हे मात्र पहिल्यांदाच ऐकतोय," पाळक म्हणाले. पण ते हसले नाहीत.

म्हणून आजचा आमेन. दोघींचा सूर एकटीने धरायचा. त्या दिवशी जो श्वास घ्यायला ती वर आली, तो आज घ्यायचा नाही. आजीने पुस्तक मिटलं की खाली मान घालून दाराबाहेर पडायचं, कायमचं.

शेवटचं कडवं चालू असतानाच कुणीतरी तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर येऊन उभं राहिलं होतं. उन्जू. माल्सूनने वळूनही पाहिलं नाही. सासूची जागा घ्यायला आली असेल, घेऊ दे.

आमेन चालूच होता. बाकाबाकावर बायका आळीपाळीने दम घेत होत्या, सूर कुठेच तुटत नव्हता. माल्सूनच्या छातीत आग पडली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मीट की गं ते पुस्तक, ती मनात म्हणाली. बुन्यो आजी सरळ तिच्याकडेच बघत होती. पुस्तक उघडंच होतं. म्हातारीला आज झालंय तरी काय, माल्सूनला कळेना.

माल्सूनचा आवाज चिरकला. तेवढ्यात कानाशी दुसरा आवाज लागला, घोगरा आणि निम्म्याने बेसूर. सून गुणाची आहे, फक्त तिने गाऊ नये, असं ओक्सिलच म्हणायची.

"श्वास घ्या, मावशी," गाणं मध्येच सोडून उन्जू पुटपुटली. "मी धरते."

माल्सूनने मान हलवली. नाही.

उन्जूने तिचं मनगट घट्ट पकडलं. "घ्या म्हणते ना! आई काय वेगळं म्हणाल्या असत्या? त्या दिवशी तुम्ही वर आलात ते बरं केलंत. दोघी गेल्या असतात तर मी कुणावर रागावले असते?"

तिचे डोळे भरून आले होते. तरी तिने पुन्हा सूर लावला, तसाच बेसूर आणि हट्टी, आणि मनगट काही सोडलं नाही.

माल्सूनचं तोंड उघडलं. चर्चमध्ये घेतात तसला चोरटा श्वास नव्हता तो. समुद्रातली लांब, बारीक शीळ होती. वसंतापासून तिने ती घातली नव्हती. सगळ्या बाकांनी ती ऐकली. बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण एकीनेही सूर खाली पडू दिला नाही.

बुन्यो आजीने सावकाश पुस्तक मिटलं.

"आली गं," ती शेजारणीला म्हणाली. "माल्सून वर आली."