डावखुरी

"मूळ चित्र माझं. दुसरं हिनं त्यावरून उतरवलंय," ग्रोजां मास्तर म्हणाले आणि दोन्ही घड्याळं त्यांनी मेत्राल व्यापाऱ्यापुढे सरकवली.

पेर्नेतला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं.

अठराशे वीसचं जिनिव्हा. चीनला जाणारी घड्याळं तिथे जोडीनंच बनत. एकाच्या झाकणावरचं मिनाकारीचं चित्र दुसऱ्यावर आरशात दिसावं तसं उलटं. मूळ काढणारा चित्रकार, उलटं उतरवणारा नुसता कारागीर. मास्तरांच्या हाताखाली शिकताना पेर्नेतनं आजवर उलटीच चित्रं उतरवली होती. या खेपेला शिवणकाम करणाऱ्या बाईचं चित्र पहिल्या रेषेपासून तिचं होतं आणि नक्कल मास्तरांची. "चित्र जमलं तर मेत्रालना तुझं नाव सांगेन, मग तू चित्रकार," असं खुद्द मास्तरच बोलले होते. चित्र जमलं, तर हा माणूस ते सरळ गिळायला निघाला. जनाची नाही, निदान मनाची तरी असावी ना!

"मूळ माझं आहे," पेर्नेत म्हणाली.

मेत्रालनं भिंग लावून पाहिलं. "तुझी बाई डाव्या हातानं शिवतेय, पोरी. मास्तरांची उजव्या. उलटं कुठलं ते आंधळाही सांगेल."

"ती डावखुरीच आहे."

"ऐकलंत? उद्या म्हणेल, गायी झाडावर चढतात." मास्तर हसले. "यांना शिकवायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं."

पेर्नेतच्या अंगाची लाहीलाही झाली. इतकी वर्षं राबून हेच ऐकायचं होतं.

"पण मास्तर, हा चेहरा तुम्हाला सापडला कुठे?" मेत्रालनं विचारलं. "नजर हलत नाही त्यावरून."

"सापडतोय कसला. या गावात असा चेहरा असता तर माझ्या नजरेतून सुटला असता होय? मनानंच काढला."

तेवढ्यात झाडूवाली आत आली. सोन्याचा कीस वाया जाऊ नये म्हणून रोज काम संपताना ती इथली धूळ गोळा करून डब्यात भरायची. मास्तरांनी तिच्याकडे न बघता, सवयीनं, पाय वर घेतले. ती वाकली आणि डाव्या हातानं त्यांच्या खुर्चीखाली कुंचा फिरवू लागली.

"आई," पेर्नेत म्हणाली, "जरा वर बघ."