कोकमतेल

मुंबईच्या कटकटीतून सुट्टीला आलेला प्रशिक दोन दिवस निवांत हवेत म्हणून एकटाच गणेशगुळ्याच्या समुद्रावर गेला. दीक्षाने आठवणीने सनस्क्रीनची ट्यूब बॅगेत टाकली होती. तरी लांज्याला घरी परतला तो भाजूनच. तोंड, दंड, छाती, सगळं लालबुंद.

"दिवसभर उघडे पाण्यात बसलात ना? हात पोचतो तिथं लावूनसुद्धा ही गत, मग पाठीचं काय झालं असेल! तिथं तर तुमचा हातच पोचत नाय."

तिने कोकमतेलाचा गोळा वितळवला आणि "राहू दे गं" म्हणणाऱ्या नवऱ्याचा शर्ट हळूच वर केला.



पाठ मात्र कुणीतरी अगदी मायेने, बोटभरही जागा न सोडता, जपली होती.